व्यापाऱ्यांची सभा: कऱ्हाडचा निगम ते सांगलीची हळद

ब्रुसेल्सच्या मुख्य चौकाचे रील्स तुम्ही पाहिले असतील. सोनेरी नक्षीच्या त्या उंच इमारती जुन्या व्यापारी संघांच्या आहेत. ते बघून साहजिकच वाटतं, आपल्याकडे असं काही नव्हतं का?

होतं. पण शोधायला आधी साताऱ्यातून थेट सतन्याला जावं लागतं.

मध्य प्रदेशातल्या सतनाजवळ भरहुतचा स्तूप होता. 1873 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅमला त्याचे अवशेष सापडले. त्याचा कोरीव कठडा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यात एक नाव आहे 'करहकट निगम'. अभ्यासक करहकट म्हणजे आपलं कऱ्हाड मानतात. निगम म्हणजे व्यापारी गाव, किंवा तिथल्या व्यापाऱ्यांचा संघ. थोडक्यात, दोन हजार वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या लोकांनी एकत्र वर्गणी काढून शेकडो किलोमीटर लांब दान दिलं. कुणा एका शेठचं नाव नाही. दाता म्हणून अख्खा निगम!

आता हे लोक बसायचे कुठे? कऱ्हाडात तशी इमारत उभी नाही, पण नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तर मिळतं. तिथल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्यानं भिक्षूंसाठी 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजानं, आणि 1000 दुसरीकडे, शेकडा पाऊण दरानं. मूळ रक्कम काढायची नाही, फक्त व्याज वापरायचं.

जरा हिशेब करू. 2000 वर महिन्याला 20, म्हणजे वर्षाला 240. लेखात म्हटलंय, 20 भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12. वीस बारे दोनशे चाळीस. बरोब्बर! आणि ही ठेव कुणाकडे? राजाच्या जावयानं पैसे ठेवले ते विणकरांकडे. राजे बदलतील, पण विणकरांचा संघ टिकेल, असा हा भरवसा.

आपल्या कामाची गोष्ट तर पुढेच आहे. हा व्यवहार 'निगमसभेत' सर्वांसमोर ऐकवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला, असं लेख सांगतो. आपला गिल्ड हॉल तो हाच. भिंती राहिल्या नाहीत, पण काम कळलं: चारचौघांत वाचायचं, लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कुणी फिरायला नको.

हेच काम पुढे मराठेशाहीत वेगळ्या रूपात दिसतं. नवी पेठ वसवताना राज्यकर्ते कौल द्यायचे, करात सवलत द्यायचे. गावाला जसे पाटील-कुलकर्णी, तसे पेठेला शेटे-महाजन. आज ही आडनावं आहेत, तेव्हा ती वतनं होती.

आणि आता सांगली. 1801 मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि सांगली संस्थान उभं राहिलं. पुढे इथली हळदीची पेठ देशभर गाजली. त्यामागे शेजारच्या हरिपूरची माती होती. तिथं जमिनीत खोल पेवं खणायचे: तोंड अरुंद, पोट मोठं. आत पाला-गवताचं अस्तर, मग हळद, मग तोंड मातीनं बंद. आतला प्राणवायू संपला की कीड जगत नाही, त्यामुळे हळद वर्षानुवर्षं टिकायची.

पण गंमत बघा, माल जमिनीखाली. घेणाऱ्याला दिसत नाही. मग व्यवहार चालणार तो शब्दावर, चिठ्ठीवर आणि बाजारातल्या पतीवर. अशा ठिकाणी वायदा रुजला यात नवल नाही. सांगलीत 'स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज' होतं. 1960 च्या दशकात सरकारनं बहुतेक शेतमालाचे वायदे बंद केले, तेव्हा जे मोजके चालू राहिले त्यांत मिरी आणि हळद होती.

मग 2003 मध्ये देशपातळीवरची इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजं आली. सौदा स्क्रीनवर गेला आणि गावोगावची जुनी एक्स्चेंजं मागे पडली. एनसीडीईएक्सवर हळदीच्या वायद्याचं मूळ केंद्र तेलंगणातलं निजामाबाद आहे. इकडे 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि पेवांचा जमाना ओसरला. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, म्हणजे नाव कागदावर पक्कं झालं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, स्क्रीनला नावं ठेवणार नाही. जुन्या बाजारांचे गोडवेही गाणार नाही. आपल्याकडे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. माल शेतकऱ्याचा, पण भाव कळायचा दोघांनाच, आणि त्या दोघांत शेतकरी नसायचा! निगमसभेच्या अगदी उलट. बाजार समितीत उघड लिलाव हवा, हा आग्रह त्यातूनच आला.

म्हणजे दगडी हॉल असो, यार्डातला ओटा असो की मोबाईल ॲप, प्रश्न एकच: भाव ठरताना माल पिकवणाऱ्याला तो ऐकू येतो का, आणि नोंद त्याला वाचता येते का? ॲपवर भाव दिसतो खरा. पण वजनात घट धरली, प्रत खाली लावली, तर साक्षीला कोण? नाशिकच्या त्या सभेत साक्षीला अख्खं गाव होतं.

तुमच्या घरी कुणी हळद, गूळ किंवा बेदाणा विकत असेल, तर या हंगामात त्यांच्यासोबत यार्डात जा. सौदा कानांनी ऐका आणि पट्टी घरी आली की एकदा नीट वाचा. कोणती कपात कशासाठी, हे विचारा. भेटू पुढच्या भागात!