नदीकाठची खोल रेताड जमीन : हिंगोली जिल्ह्यातील मळईची ओळख

मराठवाड्यातील शेतीचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येते ती काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात पायाला चिकटणारी जमीन. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही त्यास अपवाद नाही. मात्र पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या तीन नद्यांच्या काठाने गेल्यास अधूनमधून एक निराळीच जमीन दिसते. ती खोल, भुसभुशीत असते आणि हातात घेतली तर बोटांमधून गळते. शेतकरी तिला मळईची किंवा गाळाची जमीन म्हणतात. तिचे क्षेत्र थोडे असले तरी तिचे महत्त्व मोठे आहे.

जडणघडण

जिल्ह्यातील बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून हा खडक तयार झाला. तो जागेवरच झिजला की माथ्यावर मुरमाड, हलकी जमीन आणि सखल भागात भारी काळी जमीन तयार होते. नदीकाठची जमीन मात्र जागेवर तयार होत नाही; ती पाण्याने वाहून आणलेली असते.

पूर ओसरताना पाण्याचा वेग मंदावतो. अशा वेळी जड वाळू आधी, म्हणजे पात्राजवळ बसते आणि बारीक गाळ पुढे जाऊन पसरतो. हजारो वर्षे हे थर एकावर एक साचत जातात. पुढे नदी आपले पात्र खोल करीत खाली उतरते आणि जुना काठ पायरीसारखा वर राहतो. नेहमीच्या पुराचे पाणी या पायरीवर चढत नाही. जमीन खोल, निचऱ्याची आणि पुरापासून बऱ्यापैकी सुरक्षित असा तिहेरी लाभ त्यामुळे मिळतो. नदीकाठची अनेक जुनी गावे अशा उंचवट्यांवर वसलेली आढळतात. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हे गावही कयाधूच्याच काठी आहे.

येथील वाळू समुद्रकिनाऱ्यावरील वाळूप्रमाणे पांढरी नसते. बेसाल्टचे काळसर कण आणि खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्यांचे तुकडे यांची ती सरमिसळ असते.

गुणधर्म

मातीच्या कणांचे आकारानुसार तीन वर्ग पडतात. २ मि.मी.पर्यंतचे जाड कण म्हणजे वाळू, ०.००२ मि.मी.पेक्षा लहान कण म्हणजे चिकणमाती आणि या दोहोंमधील कण म्हणजे पोयटा. भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण अनेकदा निम्म्याहून अधिक असते. मळईत वाळू आणि पोयट्याचे प्राबल्य असते. पुढचे सारे फरक येथूनच सुरू होतात.

पहिला फरक पाणी मुरण्याचा. चिकणमातीत तासाला जेमतेम १ ते ५ मि.मी. पाणी मुरते, तर रेताड पोयट्यात २० ते ३० मि.मी. जोरदार पावसातही मळईवर पाणी साचून राहत नाही आणि एकदोन दिवसांत वाफसा येतो. काळ्या रानात त्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते.

दुसरा फरक पाणी धरून ठेवण्याचा, आणि येथे काळी जमीन सरस ठरते. एक मीटर खोलीच्या भारी जमिनीत पिकाला उपयोगी पडणारे १७५ ते २५० मि.मी. पाणी साठू शकते. वाळूच्या जमिनीत ते १०० मि.मी.च्या आतच राहते. त्यामुळे काळ्या रानात केवळ साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी किंवा हरभरा उभा राहतो. मळईत हे साधत नाही. तिची उणीव काही अंशी भरून निघते ती खोलीमुळे. मुळांना खाली जाण्यास अडथळा नसल्याने ती खोलवरची ओल शोधू शकतात.

तिसरा फरक अन्नद्रव्यांचा. चिकणमातीचे कण खतातील घटक धरून ठेवतात; वाळूत ही शक्ती अल्प असते. सेंद्रिय पदार्थही हवेशीर रेताड जमिनीत लवकर कुजून संपतात. ‘मळई भुकेली असते’ असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

कोणती पिके घ्यावीत?

जमिनीखाली पोसणाऱ्या पिकांना ही जमीन विशेष मानवते. भुईमुगाच्या आऱ्या सहज जमिनीत शिरतात आणि काढणीच्या वेळी शेंगा तुटून मागे राहत नाहीत. रताळी, कांदा, भाजीपाला, तसेच पाण्याची सोय असल्यास केळी ही पिकेही चांगली येतात. उन्हाळ्यात नदीपात्रालगतच्या वाळूत टरबूज आणि खरबूज घेण्याची प्रथाही जुनी आहे.

हिंगोलीच्या संदर्भात हळदीचा उल्लेख अपरिहार्य आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद सुमारे नऊ महिने रानात असते आणि पावसाळा तिच्या वाढीच्या मध्यावर येतो. पाणी तुंबले की कंदकूज होते. म्हणून तिला निचऱ्याची, भुसभुशीत जमीन लागते. निव्वळ वाळूत हळद पोसत नाही. पण पोयटा आणि भरपूर शेणखत असलेली मळई तिला उत्तम ठरते. काढणीच्या वेळी कंदांना चिकट माती लागून येत नाही, हा आणखी एक फायदा. काळ्या जमिनीत हळद घेणारे शेतकरी गादीवाफे करतात, ते हाच निचरा साधण्यासाठी.

जोपासना कशी करावी?

या जमिनीचे सूत्र ‘थोडे थोडे, पण वारंवार’ असे आहे. पाटाने भरपूर पाणी दिल्यास ते मुळांच्या खाली निघून जाते. ठिबक किंवा तुषार सिंचन येथे अधिक उपयुक्त. नत्र खताची मात्रा एकदम न देता तीन-चार हप्त्यांत विभागून द्यावी. अन्यथा पैसे तर वाया जातातच, शिवाय ते नत्र नायट्रेटच्या रूपाने झिरपत काठच्या विहिरींत, म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरू शकते. दरवर्षी शेणखत वा कंपोस्ट घालणे, ताग-धैंचा यांसारखी हिरवळीची खते गाडणे आणि पिकांचे अवशेष न जाळता आच्छादन म्हणून वापरणे हितावह ठरते. तलावातील बारीक गाळ पसरल्यानेही ओल टिकण्यास मदत होते. राज्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेमागे हाच विचार होता.

घरच्या घरी परीक्षा

शहरातील वाचकांनाही आपल्या कुंडीतील वा बागेतील मातीची जात ओळखता येईल. काचेच्या उभ्या बाटलीत एक तृतीयांश माती घेऊन वर पाणी भरावे, बाटली जोराने हलवावी आणि स्थिर ठेवावी. पहिल्या एकदोन मिनिटांत तळाशी बसते ती वाळू, पुढच्या काही तासांत बसतो तो पोयटा आणि दिवसभरानंतरही पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. थरांच्या जाडीवरून प्रमाण कळते.

वाळूचा मोह

मळईचे खरे संकट तिच्या गुणातच दडलेले आहे. जी वाळू पिकाला निचरा देते, तीच शहरातील बांधकामाला हवी असते. पात्रातून बेसुमार वाळू उपसली की नदीचा तळ खाली जातो. काठातील भूजल त्या तळाकडे ओढले जाते आणि विहिरी लवकर आटतात. पायथ्याचा आधार सुटल्याने काठ कोसळू लागतो आणि पुराच्या प्रत्येक फेऱ्यात शेताची एकेक पट्टी नदीत जाते. वरचा सुपीक थर वीटभट्ट्यांसाठी विकला गेला तर शेत एका व्यवहारातच निकामी होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गौण खनिजांच्या लहान क्षेत्रातील उत्खननासाठीही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली आणि केंद्र सरकारने २०१६ मध्ये वाळू उत्खननाबाबत मार्गदर्शक सूत्रे जारी केली. नियम आहेत, प्रश्न त्यांच्या अंमलबजावणीचा आहे. काही सेंटिमीटर माती साचण्यास शतके लागतात, ती खरवडण्यास यंत्राला काही तास पुरतात. आपल्या भिंतीत गेलेली वाळू आणि आपल्या डब्यातली हळद या दोन्ही गोष्टी एकाच नदीकाठाशी निगडित असू शकतात, एवढे भान शहराने ठेवले तरी या जमिनीचे आयुष्य वाढेल.