बाळू पालवणकर: ज्याला चेंडू दिला, पण कर्णधारपद दिले नाही

पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर एक तरुण नोकर होता. मैदान झाडायचे, रोलर फिरवायचा, सरावाची जाळी उभारायची. पगार महिना ४ रुपये. त्याआधी पारशी मंडळींच्या क्लबवर हेच काम तो ३ रुपयांत करीत असे. त्याचे नाव बाळू. जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. आडनाव कोकणातील पालवण गावावरून आलेले. कुटुंब चर्मकार समाजातील.

क्लबचे सभासद सरावासाठी त्याला गोलंदाजी करायला लावत. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामवंत फलंदाज इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूचा डावखुरा फिरकी मारा खेळत बसे. आपल्याला बाद केले की ग्रेग बाळूला आठ आणे देई, असे सांगतात. पगार ४ रुपये, म्हणजे आठ वेळा बाद केले की महिन्याची कमाई! मात्र या क्लबवर बाळूच्या हाती बॅट कधी आली नाही. फलंदाजी साहेबाची, घाम नोकराचा.

पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज समोरच होता. अडचण जातीची. बराच वाद झाल्यावर त्याला संघात घेतले गेले, पण सवर्ण खेळाडू चहापानाला आत बसत तेव्हा बाळूला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. त्याने फेकलेला चेंडू मात्र सर्वांच्या हातांतून फिरत होता. विटाळाचे हे शास्त्र कसे चालत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याला हरवून संघ परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूच्या गळ्यात हार घातला.

पुढे मुंबई. बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात जागा. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू आणि युरोपियन हे संघ समोरासमोर आले. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. विजय १०९ धावांनी. त्यात बाळूचे बळी आठ. धाकटा भाऊ शिवरामही या सामन्यात होता.

याच सुमारास अमेरिकेत असेच काही घडत होते. ओहायो राज्यातील शेल्बी गावच्या संघाने १९०४ मध्ये चार्ल्स फॉलिस या कृष्णवर्णीय खेळाडूशी करार केला. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मानला जातो. त्याला गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात नोकरी दिली होती. शेल्बीतला त्याचा एक सहकारी म्हणजे ब्रँच रिकी, ज्याने पुढे १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला बेसबॉलच्या मुख्य प्रवाहात उतरवले. फॉलिस स्वतः १९१० मध्येच वारला.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण दुखऱ्या खांद्यानिशी बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले. मायदेशी दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या विशीतल्या तरुणाने लिहिले, असे सांगितले जाते.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा, हा मान ज्येष्ठ बाळूंचा होता, असे पै यांनीच जाहीरपणे म्हटले. १९२० मध्ये बाळूंना वगळण्यात आले आणि कर्णधारनिवडीत जात आड आली, म्हणून शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून माघार घेतली. गडबड एवढी झाली की अंतिम सामन्यासाठी तिघांनाही परत बोलवावे लागले, बाळू उपकर्णधार. पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ संघ बाळूंनी चालवला, तेवढाच काळ. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून नेले.

जून १९३२ मध्ये भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात पुणे करारावर आंबेडकरांची सही झाली आणि बाळूंचीही. मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. बाळू गांधीजींच्या बाजूने उभे होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईतील राखीव जागेवर काँग्रेसने आंबेडकरांसमोर उमेदवार दिला तो बाळू पालवणकर. आंबेडकरांना मते १३,२४५, बाळूंना ११,२२५.

जुलै १९५५ मध्ये बाळू गेले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत.