रक्ताचा रंग आणि रोगाचे नाव

मराठीत आपण सर्रास ‘रक्ताची उलटी’ म्हणतो. खोकल्यावाटे छातीतून येणारे आणि जठरातून वर येणारे, अशी दोन्ही रक्ते त्या एका शब्दप्रयोगात सामावतात. वैद्यकाला मात्र ती वेगळी करावी लागतात. पहिले बहुधा लालभडक व फेसाळ असते. दुसरे काळपट, अन्नकण मिसळलेले. या भेदांचा इतिहास पाहताना आम्हांला जाणवते ते हे की, प्रत्येक वर्गीकरणामागे एक प्रश्न असतो.

चरकसंहितेने रक्तपित्ताबाबत दिशेचा प्रश्न विचारला. रक्त ऊर्ध्वमार्गाने गेले तर रोग साध्य, अधोमार्गाने गेले तर याप्य, दोन्हीकडून गेले तर असाध्य. छातीला इजा होऊन रक्तमिश्रित कफ पडतो, तो ‘क्षतज कास’ तिने निराळा गणला. हिपॉक्रेटिसच्या परंपरेने स्थानाचा प्रश्न विचारला : फेसाळ रक्त फुप्फुसातले.

हे प्रश्न रुग्णाच्या आयुष्यात कसे उतरतात, हे दोन लेखकांकडे पाहिल्यावर कळते. दोघेही वैद्यक शिकलेले. ३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री जॉन कीट्सने मेणबत्तीच्या उजेडात चादरीवरचा रक्ताचा थेंब न्याहाळला आणि रंगावरून तो धमनीतला ठरवला. त्याच्या लेखी तो मृत्यूचा हुकूम होता. वर्षभराहून थोड्या अधिक काळाने, २३ फेब्रुवारी १८२१ रोजी, तो रोममध्ये वारला.

अंतोन चेखॉव्हच्या खोकल्यातून १८८४ मध्ये रक्त आले. १८८८ मधील एका पत्रात त्याने युक्तिवाद केला, की क्षय ओळखावा तो लक्षणांच्या समुच्चयावरून, आणि तो समुच्चय आपल्यात नाही. वस्तुतः रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच क्षयाचा जंतू दाखवला होता. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची वाट खुली होती. मार्च १८९७ मध्ये मोठा रक्तस्राव होऊन चेखॉव्ह मॉस्कोच्या रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा निदान टाळणे अशक्य झाले. १९०४ मध्ये त्याचा अंत झाला.

कीट्सचा निष्कर्ष खरा ठरला, पण एका थेंबावरून तो काढण्याची रीत आज ग्राह्य धरता येत नाही. चेखॉव्हची रीत निर्दोष, निष्कर्ष मात्र चुकला. लक्षणाला रोग समजणे आणि लक्षणाआडून रोग नाकारणे, अशी ही दोन टोके आहेत.

१९९० मध्ये मान्य झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीने खोकल्यातील रक्ताला ‘आर ०४.२’ हा क्रमांक दिला, तोही लक्षणांच्या प्रकरणात. क्षयाचे स्थान अन्यत्र. श्वासनलिकांचा दाह, कर्करोग, हृदयाच्या झडपेचा विकार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. त्या क्रमांकाचा अर्थ एवढाच, की कारण अजून शोधायचे आहे. कीट्सला आणि चेखॉव्हला, दोघांनाही, नेमके तेवढे थांबणे जमले नाही.