कागदांचं घर, माणसांचा मांडव : खानदेशातल्या दोन वास्तू

एखाद्या सांस्कृतिक संस्थेला वास्तू बांधायची असली, की पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा नकाशाचा. आज आपण त्याच्याही आधीचा प्रश्न बघणार आहोत: या वास्तूत कायम राहणार काय, आणि येऊन-जाऊन असणार कोण? खानदेशात दहा वर्षांच्या अंतराने याची दोन वेगळी उत्तरं दिली गेली.

पहिलं धुळ्यात. 31 डिसेंबर 1926 रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे काम ज्यांनी 1898पासून खंडामागून खंड काढत चालवलं, त्यांच्यामागे उरली ती दफ्तरं, पोथ्या आणि टिपणं. 1927च्या जानेवारीतच धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं. एवढी घाई का? कारण कागद थांबत नाही. वाळवी, कसर, ओल आणि आपल्याकडचं वैशाखातलं ऊन, सगळे त्याच्या मुळावर. कागदाला जाड भिंत लागते, बंद कपाट लागतं. पुढे मंडळाचं 'संशोधक' हे नियतकालिक निघालं, ग्रंथालय झालं, जुन्या शिल्पांचा संग्रह झाला. म्हणजे बघा, संस्था एका कामासाठी निघाली आणि जागेकडे मागण्या मात्र वाढतच गेल्या.

दुसरं उत्तर आहे तेव्हाच्या पूर्व खानदेशातलं, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातलं. डिसेंबर 1936मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेडेगावात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. गांधीजींचा आग्रह असा, की मांडव गावाच्या सामानातून आणि गावच्या हातांनी उभा राहावा. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. बोस आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांनी बांबू, चटया, गवत अशा साध्या वस्तूंतून 'टिळकनगर' उभं केलं, आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनात गांधीजींनी त्याचं श्रेय या दोघांना जाहीरपणे दिलं. आलेल्या शेतकऱ्याला तिथे बुजायला होण्याचं कारणच नव्हतं. जो बांबू, जी चटई त्याच्या घरी, तीच इथे. अधिवेशन संपलं, मांडव उतरला.

आता आपण काय करतो? कागदासाठी बांधायचं तर सगळी इमारतच तिजोरी करून टाकतो. माणसांसाठी बांधायचं तर मोठं सभागृह बांधतो, आणि ते वर्षातले बरेच दिवस कुलपात राहतं. पण राजवाड्यांचं काम आठवा. त्यांना कागद कुठे मिळाले? गावोगाव पायपीट करून, लोकांच्या घरांतून, माळ्यांवरून, पेट्यांतून. ज्या संस्थेच्या दारात माणूस बिचकतो, तिथे तो आजोबांचं दफ्तर आणून देईल का? नाही देणार. म्हणून लोकांना आपलंसं वाटणं ही नुसती शोभा नाही. संग्रहाचा झराच तिथून वाहतो.

तेव्हा दोन्ही उत्तरं एकाच छपराखाली नांदायला हवीत. जळगावच्या जैन हिल्सवर 25 मार्च 2012 रोजी खुलं झालेलं गांधीतीर्थ हे त्यातलं अलीकडचं मोठं उदाहरण: पाहुण्यांसाठी संग्रहालय, अभ्यासकांसाठी ग्रंथालय आणि दस्तऐवजांचं जतन. प्रत्येक संस्थेकडे एवढी जागा नसते, हे खरं. पण तत्त्व लहान जागेतही चालतं. कागदांची खोली छोटी, पक्की, कोरडी ठेवा. बाकीचं मोकळं ठेवा. पक्क्या बसवलेल्या खुर्च्यांऐवजी सतरंज्या आणि उचलता येणाऱ्या खुर्च्या असल्या, तर सकाळी वीस मुलांची शाळा आणि संध्याकाळी दोनशे माणसांचं कीर्तन त्याच जागेत होतं. मध्ये सरकतं दार असलं तर एका खोलीच्या दोन होतात.

आणि पुढे ओटा ठेवा. आपल्या जुन्या घरांना तो असायचाच. ओट्यावर बसायला कुणाला विचारावं लागत नाही. सावलीला टेकलेला माणूस आत डोकावतो, पाणी मागतो, काय चाललंय म्हणून विचारतो. नकाशा काढणाऱ्याला आपण सर्वांत आधी हेच सांगू या: ओटा रुंद करा, त्यावर सावली धरा, आणि चढायला पायऱ्यांच्या जोडीला उतरणही ठेवा, म्हणजे म्हातारं माणूसही दफ्तर घेऊन वर येऊ शकेल.