हवेच्या पिस्तुलाची कुळकथा

शस्त्रांच्या वंशावळीत हवेच्या पिस्तुलाची शाखा शोधू जाणारा मनुष्य स्वाभाविकपणे तोफ, तोडा, ठासणीची बंदूक आणि तमंचा या क्रमाने उतरू लागतो आणि तिथेच फसतो. कारण या पिस्तुलाचे दारूगोळ्याशी रक्ताचे नाते नाही, आणि त्याचे खरे पूर्वज आपल्याकडे गुलेलीच्या घराण्यात, तर युरोपात उमरावांच्या दिवाणखान्यांत सापडतात. नागपूरकडे त्याची ओळख ‘छर्ऱ्याची बंदूक’ या ढोबळ नावाखालीच होते, आणि रामटेकच्या जत्रेत फुगे फोडणारी लांब बंदूक आणि हातात मावणारे पिस्तूल यांत फारसा फरक कोणी करीत नाही. पण ‘जोर वाढवून द्या’ अशी मागणी घेऊन कारागिराकडे जाणारा गिऱ्हाईक बहुधा पिस्तूलवालाच असतो, आणि ही मागणी त्या वस्तूच्या कुळाला किती विसंगत आहे, हेच मला येथे मांडावयाचे आहे.

लहान सावजाची शिकार नागपूरच्या मुलखात बंदुकीच्या फार आधीपासून चालत आली होती. तुरीच्या आणि ज्वारीच्या वावरांत धुऱ्याधुऱ्याने पळणारे लावे आणि तितर, बाभळीवर घुमणारे होले, वड-पिंपळ पिकले की थव्याने उतरणारे हरियाल, हे सारे मालगुजाराच्या मुदपाकखान्यापर्यंत पोहोचत, ते बहुधा पारध्याच्या हातून. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात फासेपारध्यांच्या या विद्येची नोंद आहे. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने पारधी पाखरांच्या इतका जवळ जाई की चरणाऱ्या जनावरावाचून पाखराला दुसरे काही दिसतच नसे. ज्या जमातीवर इंग्रजी अंमलाने ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला, आणि जो शिक्का 1952 साली कायद्याने पुसला तरी पोलिसांच्या मनातून पुरता पुसला गेला नाही, त्या जमातीच्या या संयमापुढे पुढील काळातील साहेबी शिकार मला तरी आरडाओरड्याचीच वाटते.

फाशाच्या जोडीला गुलेल होती, आणि हवेच्या पिस्तुलाशी तिचे साम्य अधिक. रबराची बेचकी ती नव्हे, ती अलीकडची. जुनी गुलेल म्हणजे बांबूचे छोटे धनुष्य, त्याला एकीस एक लागून दोन दोऱ्या, मध्ये त्यांना वेगळे ठेवणारी काडी, आणि दोऱ्यांच्या मध्यावर कापडाची किंवा कातड्याची लहानशी झोळी, जीत वाळवलेल्या मातीची गोटी बसे. गोटी सुटण्याच्या क्षणी धनुष्य धरलेले मनगट किंचित बाजूस वळवावे लागते, नाहीतर गोटी स्वतःच्याच अंगठ्यावर बसते. गोटीची ताकद मोजकी, म्हणून पल्ला मोजका, आणि पल्ला मोजका म्हणून पायाखालची काडीदेखील न मोडता जवळ जाण्याची विद्या अनिवार्य, असे हे गणित होते.

युरोपातील घराणे याच्या उलट दिमाखाचे. टायरोलच्या बार्थोलोमियस गिरांदोनी याने सिद्ध केलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1780 च्या सुमारास स्वीकारली. तिच्या दस्त्यातच लोखंडी हवापेटी होती, नळीलगतच्या नळकांड्यात वीस-बावीस गोळ्या राहत, आणि ती पेटी पूर्ण भरण्यास हातपंपाचे सुमारे 1500 झटके मारावे लागत. धूर नाही, ठिणगी नाही, पावसाची भीती नाही. तरीही झडपा आणि हवापेट्या यांची निगा राखणे रणांगणावर अवघड ठरले आणि 1815 पर्यंत ती सैन्यातून गेली. अमेरिकेचा पश्चिम मुलूख धुंडाळावयास निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीनेही 1803 ते 1806 या प्रवासात हवेची बंदूक बरोबर नेली होती, ती मुख्यतः वाटेतील जमातींवर छाप पाडण्यासाठी. त्यानंतर हवेची शस्त्रे दीर्घकाळ करमणुकीच्या कोपऱ्यात बसली. अमेरिकेतील प्लिमथ गावी पवनचक्क्या बनविणाऱ्या एका कारखान्याने 1888 साली गिऱ्हाइकांसाठी काढलेली ‘डेझी’ बंदूक पवनचक्क्यांपेक्षा जास्त खपली आणि अखेर कारखान्याचे नावच बदलले. आपल्याकडेही अशी एक गंमत आहे: वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातील, 1926 साली स्थापन झालेल्या आणि सिमेंटच्या प्रचंड नळांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने छर्ऱ्याच्या रायफलीही बनविल्या. नळीचा धंदा तो नळीचाच!

हातात मावणारे स्प्रिंगचे पिस्तूल नावारूपास आणले ते बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने, 1924 साली. त्याची रचना चतुर आहे. खाली हवेचे नळकांडे, त्याच्या पाठीवर नळी. नळी वर उचलली की आतील दट्ट्या पुढे ओढला जाऊन स्प्रिंग दाबली जाते. घोडा ओढताच दट्ट्या मागे धावतो आणि समोरची हवा दाबून एका बारीक भोकावाटे वरच्या नळीत, छर्ऱ्याच्या पाठीशी लोटतो. छर्रा म्हणजे डमरूच्या घाटाचा शिशाचा पोकळ तुकडा. त्याचा मागचा पातळ घेर हवेने फुगून नळीच्या आट्यांना चिकटतो. निशाणासाठी चपट्या डोक्याचा छर्रा घेतात, कागदाला स्वच्छ गोल भोक पडावे म्हणून. गोल डोक्याचा छर्रा दूरवर वेग अधिक टिकवतो.

आता कारागिराच्या टेबलाकडे वळू, कारण या कुळाचा स्वभाव तेथे उघडा पडतो. पिस्तूल उघडल्यावर जाणता कारागीर नवी, जाड तारेची स्प्रिंग घालण्याची घाई करीत नाही. तो आधी पतंगाच्या कागदाची एक पातळ पट्टी नळी आणि नळकांडे यांच्या सांध्यावर ठेवून छर्रा सोडतो. पट्टी थरथरली तर हवा तेथून गळते आहे, आणि सारा दोष एका झिजलेल्या रबरी कडीचा आहे. मग दट्ट्याच्या तोंडावरचे कातडी वायसर तो पाहतो. ज्या गावात उन्हाळी पारा 45 अंशांपलीकडे सहज जातो, तेथे कातडे सुकते, आक्रसते आणि नळकांड्याच्या भिंतीला सोडून देते. ते तेलात मुरवून मऊ करावे लागते, पण तेल बेताचे. तेल जास्त झाले तर दट्ट्याने क्षणार्धात दाबलेली हवा इतकी तापते की तेलाची वाफ पेट घेते, नळीतून निळसर धूर निघतो, आवाज मोठा होतो, आणि गिऱ्हाईक ‘आता खरा जोर आला’ म्हणून खूश होते. वस्तुतः स्प्रिंग आणि वायसर यांचे आयुष्य त्या धुरातच जात असते. इंग्लंडमधील कार्ड्यू पितापुत्रांनी तर नळकांड्यात हवेऐवजी नायट्रोजन भरून छर्रे सोडले आणि वेग घटलेला दाखवून दिला, म्हणजे साध्या वापरातही थोडे ज्वलन चालूच असते. 1976 च्या त्यांच्या पुस्तकात हे प्रयोग आहेत.

यानंतर स्प्रिंगची दोन्ही टोके घासून सपाट करणे, दट्ट्याच्या कडांवरील खरखर काढणे, घोड्याचे ओढणे गुळगुळीत करणे, इतकेच बहुधा उरते. नुसती जाड स्प्रिंग घातली असता दट्ट्या हवेच्या गादीवर आपटून उसळी खातो. छर्रा नळीत असतानाच हे धक्के मनगटात पोहोचतात, वेगात किंचित भर पडते आणि नेम पार विस्कटतो. रायफलीचे वजन आणि खांद्याचा आधार हा दोष थोडाफार झाकतात. पिस्तुलाला तो आसरा नाही. म्हणूनच जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीने 1965 साली काढलेल्या पिस्तुलात जोर वाढविण्याऐवजी धक्का नाहीसा करण्याची तजवीज केली, आणि 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये 10 मीटरच्या हवाई पिस्तुलाचा प्रवेश झाला तो याच अचूकतेच्या परंपरेतून.

जोराचे आकडे पाहिले तर भ्रम लवकर फिटतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 120 मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा साडेतीन जूलच्या आसपास भरते; .22 च्या साध्या काडतुसाची गोळी सुमारे 140 जूल घेऊन निघते. ब्रिटिश कायद्याने हवेच्या पिस्तुलाची मर्यादा 6 फूट-पौंड, म्हणजे 8 जूलच्या किंचित वर ठेवली आहे. जर्मनीत विनापरवाना मर्यादा साडेसात जूल. आपल्या 2016 च्या शस्त्र नियमांत 20 जूलपर्यंतचे आणि साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीचे हवाई शस्त्र परवान्याविना बाळगता येते. आज जी खरोखर जोरदार हवाई पिस्तुले निघतात त्यांत स्प्रिंग नसते. सुमारे 200 बार दाबाची हवा आधीच भरून ठेवलेली टाकी असते, म्हणजे गिरांदोनीची हवापेटीच. अमेरिकेतील हौशी लोक अशा पिस्तुलांनी, बहुधा .22 च्या नळीने, ससे आणि खारी मारतात. एक ग्रॅमचा छर्रा 200 मीटर वेगाने सोडला की नेमके 20 जूल भरतात, पण ती नळी साडेपाच मिलिमीटरची असल्याने आपल्याकडे ऊर्जा मर्यादेत असूनही परवाना लागतोच.

आणि परवाना मिळाला तरी त्या पिस्तुलाने होला मारता येत नाही, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. 1912 चा पक्षी-प्राणी संरक्षणाचा कायदा आणि 1935 चा मध्य प्रांताचा शिकार कायदा हे मुख्यत्वे हंगाम आणि परवाने यांचे कायदे होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेसुद्धा आरंभी शिकारीचे दप्तर बंद केले नव्हते: विशेष सावज, मोठे सावज आणि लहान सावज असे वर्ग पाडून त्यांचे वेगवेगळे परवाने त्यात सांगितले होते. 1991 च्या दुरुस्तीने ते सारे परवाने काढून टाकले, आणि मालगुजाराच्या ताटातला हरियाल, जो आता महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, कायमचा कायद्याच्या पदराखाली गेला. शस्त्र नियम पिस्तुलाला जूलमध्ये तोलतात. वन्यजीव कायद्यात जूलचा उल्लेखही नाही. त्याच्या व्याख्येत बंदुकीबरोबरच धनुष्यबाण, जाळे, फास, सुरी, गळ आणि विष हे सारे ‘शस्त्र’ आहे, आणि मारण्याचा प्रयत्नही ‘शिकार’ आहे. त्यामुळे नागपूरच्या गोरेवाडा तलावाच्या काठी होल्यावर झाडलेला आणि चुकलेला साडेतीन जूलचा छर्रासुद्धा पिस्तुलाच्या जप्तीला आणि खटल्याला पुरेसा ठरतो.