युद्धत्यागाच्या कलमाची कुळकथा

मार्च १९१८मध्ये न्यूयॉर्कच्या 'न्यू रिपब्लिक' या साप्ताहिकात सॅमन लेव्हिन्सन नावाच्या शिकागोच्या वकिलाचा लेख आला. लेव्हिन्सन आंतरराष्ट्रीय कायद्याचे पंडित नव्हते. डबघाईला आलेल्या कंपन्यांची घडी पुन्हा बसवून देणं हा त्यांचा व्यवसाय. युरोपात खंदकांमध्ये माणसं मरत असताना त्यांनी कायदा तपासला आणि त्यांच्या लक्षात आलं की, युद्ध पुकारणं हा राज्यांचा कायदेशीर हक्कच आहे. युद्ध कसं करावं याचे नियम होते. कैद्यांना कसं वागवावं, कोणती शस्त्रं टाळावीत, हे ठरलेलं होतं. १९०७च्या हेग कराराप्रमाणे हल्ल्यापूर्वी रीतसर सूचना देणंही बंधनकारक होतं. युद्ध करूच नये, असा नियम मात्र कुठेच नव्हता. उलट जिंकलेला मुलूख जिंकणाऱ्याचा, धाकाने लिहून घेतलेला तह वैध, आणि तटस्थ देशाने दोन्ही बाजूंना सारखंच वागवायचं, असा शिरस्ता होता.

लेव्हिन्सन यांनी दाखला दिला तो द्वंद्वयुद्धाचा. अपमानाचा निकाल पिस्तुलाने लावण्याची रीत एके काळी प्रतिष्ठेची मानली जाई. तिचे नियम सुधारून ती सौम्य झाली नाही. तिलाच गुन्हा ठरवावं लागलं. युद्धालाही असंच कायद्याबाहेर काढायचं, एवढीच त्यांची मागणी. १९२१मध्ये त्यांनी त्यासाठी समिती काढली. तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी या चळवळीसाठी लेखणी झिजवली आणि सिनेटर बोरा यांनी १९२३मध्ये सिनेटमध्ये तसा ठराव मांडला.

ही हाक अमेरिकेतून आली, तरी तिला देह मिळाला पॅरिसमध्ये, आणि तोही फ्रान्सच्या भीतीपोटी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सची तेरा लाखांहून अधिक माणसं गेली. १९१९मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्याला वचन दिलं होतं की, जर्मनीने पुन्हा हल्ला केला तर आम्ही धावून येऊ. पण अमेरिकन सिनेटने व्हर्सायचा तह नाकारला. मग अमेरिकेची हमी बारगळली आणि तिच्यावर अवलंबून असलेली ब्रिटनचीही. राष्ट्रसंघाच्या सनदेवर विसंबावं तर तिच्यात मोठी फट होती. वाद लवादाकडे न्यावा, निकालानंतर तीन महिने थांबावं, असं ती सांगत होती. त्यापुढे काही परिस्थितींत लढाईची वाट मोकळीच राहत होती. ती बुजवणारा १९२४चा जिनिव्हा मसुदा पुढच्याच वर्षी ब्रिटनने फेटाळला. ऑक्टोबर १९२५मध्ये लोकार्नोला फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनी यांच्या सीमांना ब्रिटन व इटलीची हमी मिळाली. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सीमांना तशी हमी कुणीच दिली नाही.

या पार्श्वभूमीवर २२ मार्च १९२७ रोजी कोलंबिया विद्यापीठाचे इतिहासाचे प्राध्यापक जेम्स शॉटवेल फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तीद ब्रियाँ यांना भेटले. अमेरिका युद्धात उतरली त्याला ६ एप्रिलला दहा वर्षं होत होती. त्या दिवशी ब्रियाँ यांनी थेट अमेरिकन जनतेला उद्देशून संदेश प्रसिद्ध केला: आपल्या दोन देशांनी एकमेकांपुरतं युद्ध कायमचं वर्ज्य करावं. संदेशाचा मसुदा शॉटवेल यांच्या हातचा होता. जूनमध्ये ब्रियाँ यांनी कराराचा कच्चा खर्डाही पाठवला.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांनी ओळखलं की, शांततेच्या नावाखाली हे अर्धं लष्करी सख्य आहे. उद्या फ्रान्स आपल्या पूर्वेकडच्या दोस्तांसाठी लढाईत पडला, तरी या करारामुळे अमेरिकेला त्याच्याविरुद्ध काही करता आलं नसतं. महिने गेले, उत्तर गेलं नाही. पण शांततावाद्यांची पत्रं आणि सह्यांची निवेदनं वॉशिंग्टनला येऊन थडकत राहिली. मग बोरा यांनी तोड सुचवली: दोघांनीच कशाला, सगळ्या जगाला बोलवा. २८ डिसेंबर १९२७च्या पत्रात केलॉग यांनी तसंच कळवलं. आता पंचाईत ब्रियाँ यांची झाली. लोकार्नोबद्दल शांततेचं नोबेल मिळालेला माणूस या प्रस्तावाला नाही कसा म्हणणार?

फ्रान्सने आग्रह धरला की, फक्त आक्रमक युद्धावर बंदी असावी. केलॉग यांनी तो मानला नाही. आक्रमक कोण हे ठरवण्यातच सगळा जन्म जाईल, असं त्यांचं मत. मजकूर शेवटी दोन कलमांचा उरला. पहिल्यात राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग. दुसऱ्यात, कोणताही वाद शांततेच्या मार्गानेच सोडवण्याचं वचन. तिसरं कलम केवळ मान्यतेच्या सोपस्कारांचं. करार मोडणाऱ्याला शिक्षा काय, याबद्दल कलमांत एक अक्षरही नाही. मजकुराबाहेर मात्र बरंच काही ठरलं. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाने राखून ठेवला, आणि त्याची वेळ आली की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. ब्रिटनने तर १९ मे १९२८च्या खलित्यात नावं न घेता कळवलं की, जगातल्या काही प्रदेशांत आमचे खास हितसंबंध आहेत आणि तिथे आम्हाला मोकळीक हवी. ही अट वाचताना साम्राज्याच्या प्रजेच्या वंशजांनी तरी थांबायलाच हवं.

२७ ऑगस्ट १९२८ला पॅरिसच्या परराष्ट्र खात्यातल्या घड्याळाच्या दालनात सह्या झाल्या. १९१९ची शांतता परिषद याच दालनात भरली होती. ल हाव्र शहराने केलॉग यांना भेट दिलेलं सोन्याचं लांबलचक पेन टेबलावर होतं. शांतता हवी असेल तर शांततेचीच तयारी करा, असं त्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं. फ्रेंच वर्णक्रमाने पहिली सही जर्मनीची होती. गुस्ताव्ह श्ट्रेझमान गंभीर आजारी असतानाही त्यासाठी पॅरिसला आले. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते वारले. त्या दालनात जर्मन मंत्र्याने सन्मानाने बसणं हीच त्या दिवसाची खरी कमाई, असं मला वाटतं.

सह्या करणाऱ्या पंधरा देशांत भारताचंही नाव होतं. कॅनडा आणि आयर्लंडसाठी त्यांच्या त्यांच्या सरकारप्रमुखांनी सही केली. भारतासाठी सही केली लॉर्ड कुशेंडन यांनी, ब्रिटनसाठी केली त्याच हाताने. त्याच आठवड्यात लखनौला सर्वपक्षीय परिषदेत मोतीलाल नेहरूंचा अहवाल विचारासाठी आला होता. त्यात मागणी होती ती कॅनडा-आयर्लंडसारख्या दर्जाचीच.

१५ जानेवारी १९२९ला अमेरिकन सिनेटने ८५ विरुद्ध १ मतांनी करार मान्य केला आणि महिन्याभरात पंधरा नव्या क्रूझर बांधण्याचा कायदाही तिथे झाला. जपानमध्ये वेगळंच वादळ उठलं. करार 'आपापल्या जनतेच्या नावाने' केला आहे, अशी त्यात शब्दयोजना होती. सार्वभौमत्व सम्राटाचं असताना जनता कोण लागून गेली, असा आक्षेप निघाला, आणि ते शब्द आम्हाला लागू नाहीत असं जाहीर करूनच जपानने मान्यता दिली. २४ जुलै १९२९ला करार अमलात आला.

दोन वर्षं उलटतात तोच, १८ सप्टेंबर १९३१ला, मुकडेनजवळ जपानी सैन्याने स्वतःच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला आणि मांचुरिया गिळायला सुरुवात केली. युद्ध जाहीर केलंच नाही. सरकारी भाषेत ती फक्त एक 'घटना' होती. पॅरिसमध्ये जपानसाठी सही करणारे काउंट उचिदा पुढच्याच वर्षी परराष्ट्रमंत्री होते. मांचुरियात उभारलेल्या मांचुकुओच्या बाहुल्या सरकारला मान्यता आणि राष्ट्रसंघातून बाहेर पडणं, दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीत झालं.

हा करार म्हणजे फुकाची शपथ होती, असं मानणाऱ्यांचा इतिहास इथेच संपतो. मला तो इथे सुरू झालेला दिसतो. ७ जानेवारी १९३२ला अमेरिकेचे नवे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन यांनी जाहीर केलं की, या कराराचा भंग करून मिळवलेली कोणतीही परिस्थिती आम्ही मान्य करणार नाही. मार्चमध्ये राष्ट्रसंघानेही तसाच ठराव केला. मांचुरियातली माणसं याने वाचली नाहीत, हे खरंच. पण जिंकलेला मुलूख जिंकणाऱ्याचा, हा शतकानुशतकांचा नियम इथे पहिल्यांदा उघडपणे नाकारला गेला. १९४०मध्ये सोव्हिएत संघाने तीन बाल्टिक देश गिळले, तेव्हा अमेरिकेने त्याला मान्यता नाकारली आणि ते देश स्वतंत्र होईपर्यंत नाकारलेलीच ठेवली.

हेच स्टिमसन १९४४मध्ये युद्धमंत्री होते. नाझी पुढाऱ्यांवर खटला कोणत्या कायद्याखाली चालवायचा, हा प्रश्न आला. विल्यम चॅनलर या त्यांच्या परिचयाच्या वकिलाने त्या वर्षाच्या अखेरीस टिपण लिहिलं: १९२८नंतर आक्रमक युद्धच बेकायदा आहे, म्हणून ते करणाऱ्याला सैनिकी कृत्य म्हणून मिळणारं संरक्षण उरत नाही. न्यूरेंबर्गला बचाव पक्ष म्हणाला, करारात शिक्षा कुठे सांगितली आहे? न्यायालयाने उत्तर दिलं की, हेगच्या नियमांतही शिक्षा सांगितलेली नाही, तरी ते मोडणाऱ्यांना शिक्षा होतच आली आहे. नाझी पुढारी रुडॉल्फ हेसला जन्मठेप झाली ती केवळ शांततेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आणि त्यांच्या कटासाठी.

जपानी पुढाऱ्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात मात्र कोलकात्याचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी हजाराहून अधिक पानांचं भिन्नमत लिहून या करारावरच बोट ठेवलं. स्वसंरक्षण कशाला म्हणायचं हे जिथे प्रत्येक राष्ट्र स्वतः ठरवतं, तिथे कायदा झालाच कुठे? शिवाय ज्यांची साम्राज्यं लढाईवरच उभी आहेत, त्यांनी आजच्या तारखेला रेघ ओढून पलीकडच्याला गुन्हेगार म्हणावं, हे त्यांना पटलं नाही. पालांनी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवलं, तिथे मी त्यांच्यासोबत जाऊ शकत नाही. पण १९२८च्या मजकुरातली फट त्यांच्याइतकी नेमकी दुसऱ्या कुणी दाखवलेली मी वाचली नाही.

कलमाचा वंश मात्र वाढत राहिला. स्पेनच्या प्रजासत्ताकाने १९३१मध्ये, फिलिपिन्सने १९३५मध्ये ते जवळपास जसंच्या तसं आपल्या घटनेत घेतलं. स्पेनची ती घटना फ्रँकोच्या विजयाबरोबर गेली. फिलिपिन्सने १९८७च्या नव्या घटनेतही ते वाक्य ठेवलं. ३ मे १९४७ला अमलात आलेल्या जपानच्या घटनेत ते नववं कलम झालं. तिथे युद्धाचा कायमचा त्याग सम्राटाने केलेला नाही. तो जपानी जनतेने केला आहे, आणि १९२९मध्ये टोकियोला नेमकं तेच मान्य नव्हतं.