आम्लयुक्त सांडपाण्यावरील प्रक्रिया

आम्लयुक्त सांडपाण्यावरील प्रक्रिया : आम्लधर्मी पाण्याचा सामू म्हणजेच पीएच वाढवून त्यात विरघळलेले धातू गाळाच्या रूपाने वेगळे काढण्याची पद्धत. असे पाणी मुख्यतः खाणींतून आणि धातुकामाच्या कारखान्यांतून निघते.

उगम : खाणीत उघड्या पडलेल्या पायराइट या लोह-गंधक खनिजाला हवा व पाणी लागले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे जीवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वाढवतात. मेघालयातील कोळसापट्ट्यातले ओढे त्यामुळे आम्लधर्मी झाले आहेत. याउलट निघोजे (ता. खेड, जि. पुणे) बेसाल्ट खडकावर वसलेले असल्याने तेथे खाणीचे आम्ल नाही. मात्र चाकण औद्योगिक क्षेत्रातील या गावाच्या परिसरात वाहने व त्यांचे सुटे भाग तयार होतात. पोलादावरचा गंज आम्लात बुडवून काढणे आणि धातूला मुलामा देणे या कामांतून लोह, जस्त, निकेल व क्रोमियम असलेले तशाच प्रकारचे आम्लधर्मी पाणी निघते.

रासायनिक प्रक्रिया : चुना हे स्वस्त औषध. लोहयुक्त पाण्यात चुन्याचे दूध ढवळत घातले की आधी हिरवट साका धरतो. हवा लागताच तो तांबूस होऊन तळाशी बसू लागतो. हे तांबूस झालेले, म्हणजेच फेरिक लोह सामू ३.५ च्या आसपासच खाली बसते. जस्ताला सुमारे ९, तर निकेलला सुमारे १० लागतो. सहासंयुजी क्रोमियम चुन्याला दाद देत नाही. आम्लधर्मी पाण्यातच सोडियम मेटाबायसल्फाइट घालून आधी त्याचे त्रिसंयुजी रूप करावे लागते.

जैविक प्रक्रिया : चुन्यानंतरही पाण्यात बरेच सल्फेट उरते. शेण, लाकडाचा भुसा यांसारख्या सेंद्रिय द्रव्यावर वाढणारे सल्फेट-क्षपणकारी जीवाणू प्राणवायूविना सल्फेटचे सल्फाइड करतात. त्याच्याशी संयोग होऊन धातू खाली बसतात आणि पाण्याची आम्लता उतरते. नेदरलँड्समधील बुडेल येथील जस्त कारखान्यात १९९० च्या दशकापासून ही पद्धत वापरात आहे. पाणकणसाच्या कृत्रिम पाणथळी खाणींजवळ उपयोगी पडतात. त्यांना जागा आणि वेळ मात्र भरपूर लागतो.

मर्यादा व गाळ : नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ असावा, तसेच दर लिटरमध्ये लोह व निकेल प्रत्येकी ३ मिग्रॅ. आणि सहासंयुजी क्रोमियम ०.१ मिग्रॅ. यांहून अधिक नसावे, असे पर्यावरण नियम सांगतात. साधे पाणी मिसळून आम्ल सौम्य करता येते, पण धातूचे एकूण वजन तेवढेच राहते. म्हणून गाळातले पाणी दाबून काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघालेली, हे धातू साठलेली गाळाची वडी घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्रात, उदा. रांजणगाव येथे, पोहोचली तरच प्रक्रिया पूर्ण झाली असे म्हणावे. वडी ओढ्याकाठी टाकली, तर पावसासोबत धातू पुन्हा निघोजेजवळच्या इंद्रायणी नदीकडे निघतात. आणि आळंदीच्या घाटावर वारकरी जे पाणी ओंजळीत घेतात, ते याच नदीचे असते.